हरवलेल्या जॉनचा शोध

‘जंगल बुक’चे लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा एकुलता एक मुलगा १९१५मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर बेपत्ता झाला. त्याला सैन्यात दाखल करण्यासाठी स्वतः किपलिंग यांनीच आपले वजन खर्ची घातले होते. नंतरची वीस वर्षे त्यांनी त्याच्या शेवटच्या क्षणांचा आणि त्याच्या कबरीचा माग काढला. मुंबईत जन्मलेल्या या साहित्यिकाच्या उत्तरायुष्याची ही कहाणी.

मुंबईतील सर जमशेटजी जीजीभाई कला महाविद्यालयाच्या आवारात एक जुना लाकडी बंगला उभा आहे. ‘किपलिंग बंगला’ या नावाने तो ओळखला जात असला, तरी रुडयार्ड किपलिंग यांच्या जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी तो बांधला गेला. मात्र ३० डिसेंबर १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला तो याच आवारात. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी या संस्थेत शिल्पकला शिकवण्यासाठी इंग्लंडहून आले होते. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे ही त्यांचीच निर्मिती. लहानग्या रुडयार्डला सांभाळणारी आया गोवेकर ख्रिश्चन होती, तर मिता नावाचा हिंदू नोकर त्याचे बोट धरून त्याला देवळांत घेऊन जात असे. मुलगा नोकरांच्या भाषेतच विचार करी आणि आईवडिलांसमोर जाताना इंग्रजीत बोलण्याची त्याला आठवण करून द्यावी लागे.

हे सुख सहा वर्षेही टिकले नाही. हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणे १८७१मध्ये रुडयार्ड आणि त्याची धाकटी बहीण ट्रिक्स यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. साउथसी येथील एका परक्या कुटुंबात पैसे देऊन ही मुले ठेवली गेली. त्या घरातील बाईंनी केलेल्या छळाच्या खुणा किपलिंग यांच्या मनावर कायम राहिल्या आणि त्यातूनच पुढे ‘बा बा ब्लॅक शीप’ ही कथा आली. याच काळात त्यांची दृष्टी अतिशय अधू असल्याचे लक्षात आले. जाड भिंगांचा चष्मा त्यांना आयुष्यभरासाठी लागला. सैनिकी पेशाकडे जाणाऱ्या मुलांसाठी असलेल्या युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजात ते शिकले. पण ज्या सैनिकी जीवनाचे त्यांना विलक्षण आकर्षण होते, त्याचा दरवाजा त्यांच्यासाठी बंद होता. ही गोष्ट पुढील घटनाक्रमात महत्त्वाची ठरते.

१८८२मध्ये ते मुंबई बंदरात उतरले आणि लाहोरला जाऊन ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये पत्रकारिता करू लागले. नंतर अलाहाबादच्या ‘पायोनियर’मध्ये त्यांनी काम केले. छावण्यांतील साध्या सैनिकांच्या सहवासातून त्यांच्या कथा-कविता जन्माला आल्या. १८८९मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते. पण पुढच्या काही वर्षांत इंग्रजी वाचकवर्ग असलेल्या साऱ्या जगात त्यांचे नाव झाले. ‘जंगल बुक’चे दोन भाग, ‘किम’ आणि ‘जस्ट सो स्टोरीज’ ही पुस्तके आली. १९०७मध्ये वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजी भाषेत लिहिणाऱ्या लेखकाला मिळालेले ते पहिलेच.

ब्रिटिश साम्राज्याचे ते कट्टर समर्थक होते, हे विसरून चालणार नाही. हिंदुस्थानी माणसावर त्यांनी प्रेम केले. पण त्याने स्वतःचे राज्य स्वतः चालवावे, ही कल्पना त्यांना कधीच मान्य झाली नाही. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर जनरल डायर यांच्यासाठी जो निधी उभारण्यात आला, त्यात पैसे देणाऱ्यांत किपलिंगही होते. त्यांच्या दुःखाची कहाणी वाचताना त्यांच्या व्यक्तिमत्त्वाची ही बाजूही ध्यानात ठेवावी लागते.

दोन मुले, दोन आघात

१८९२मध्ये कॅरोलिन बॅलेस्टिअर या अमेरिकन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. जोसेफिन, एल्सी आणि जॉन अशी तीन मुले या दांपत्याला झाली. जॉनचा जन्म १७ ऑगस्ट १८९७ रोजी इंग्लंडमधील रॉटिंगडीन या समुद्रकाठच्या गावी झाला. १८९९च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या प्रवासात किपलिंग आणि त्यांची थोरली मुलगी जोसेफिन या दोघांनाही न्यूमोनियाने गाठले. किपलिंग मृत्यूच्या दारातून परतले. सहा वर्षांची जोसेफिन मात्र गेली. वडिलांची प्रकृती इतकी नाजूक होती, की ही बातमी काही काळ त्यांच्यापासून लपवून ठेवावी लागली.

१९०२मध्ये हे कुटुंब ससेक्स परगण्यातील बर्वॉश गावाजवळच्या ‘बेटमन्स’ या सतराव्या शतकातील दगडी घरात राहायला गेले. जॉन तिथेच वाढला. अभ्यासात बेताचा, खेळकर आणि आनंदी असा हा मुलगा होता. बापलेकांचे नाते त्या काळातील इंग्रज घरांच्या मानाने बरेच मोकळे होते. शाळेत असलेल्या जॉनला किपलिंग नेमाने पत्रे लिहीत आणि त्यात गमतीची चित्रेही काढून पाठवीत. मुलाने नौदलात जावे, अशी त्यांची फार इच्छा होती. पण वडिलांची अधू दृष्टी मुलाकडेही आली होती. चष्म्याशिवाय जॉनला समोरचे धड दिसत नसे. नौदलाचा विचार सोडून द्यावा लागला.

ऑगस्ट १९१४मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा जॉन सतरा वर्षांचा होत होता. जर्मनीकडून धोका आहे आणि ब्रिटनने सज्ज राहिले पाहिजे, हे किपलिंग कित्येक वर्षे कंठरवाने सांगत आले होते. आता सैन्यभरतीच्या सभांतून ते तरुणांना आवाहन करू लागले. जॉननेही अधिकारपदासाठी अर्ज केला. पण दृष्टीच्या चाचणीत तो नापास झाला. इथे हे प्रकरण थांबू शकले असते. सैन्याच्या डॉक्टरांनीच नकार दिल्यामुळे कोणी त्याला बोल लावला नसता. परंतु किपलिंग यांनी आपले जुने स्नेही फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला. हिंदुस्थानचे माजी सरसेनापती असलेले रॉबर्ट्स हे आयरिश गार्ड्स या पलटणीचे मानद कर्नल होते. त्यांच्या शिफारशीने सप्टेंबर १९१४मध्ये जॉन आयरिश गार्ड्सच्या दुसऱ्या बटालियनमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदुस्थानी सैनिकांच्या भेटीला गेले असताना वृद्ध रॉबर्ट्स यांचा मृत्यू झाला.

जवळजवळ वर्षभर जॉनने एसेक्समधील वॉर्ली येथे प्रशिक्षण घेतले. ऑगस्ट १९१५मध्ये, अठरावा वाढदिवस आला त्याच सुमारास, त्याची बटालियन फ्रान्सला रवाना झाली. किपलिंगही त्याच महिन्यात वार्ताहर म्हणून फ्रेंच आघाडीवर होते. खंदकात कशी काळजी घ्यावी, याविषयी ते मुलाला पत्रांतून सूचना करीत. मुलगा उलट टपाली किरकोळ गोष्टींच्या मागण्या करी. अशाच एका पत्रात त्याने नवे ओळखपदक मागवले होते; गळ्यातले आधीचे त्याच्याकडून हरवले होते. रणांगणावर पडलेल्या सैनिकाची ओळख पटावी म्हणून असलेली ही साधी चकती. तिचे महत्त्व पुढे किपलिंग यांच्याइतके फार थोड्यांना कळले असेल.

लूसची लढाई

२५ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्सच्या उत्तर भागातील लूस या खाणींच्या गावाजवळ ब्रिटिशांनी मोठा हल्ला चढवला. या लढाईत ब्रिटिशांनी प्रथमच विषारी वायूचा वापर केला. काही ठिकाणी वारा फिरल्याने तो त्यांच्याच सैनिकांवर उलटला. त्याच दिवशी थोडे उत्तरेला मेरठ डिव्हिजनच्या हिंदुस्थानी पलटणींनी शत्रूचे लक्ष वेधून घेण्यासाठी केलेल्या हल्ल्यात जबर हानी सोसली. गार्ड्स डिव्हिजन राखीव दलात होती. पावसातून लांबची मजल मारून ती आघाडीवर पोहोचली आणि २७ सप्टेंबरच्या दुपारी आयरिश गार्ड्सच्या दुसऱ्या बटालियनला चुन्याच्या खाणीलगतच्या एका छोट्या रानावर चाल करून जाण्याचा हुकूम मिळाला. रान ताब्यात आले. पण पुढे एका कोळसा खाणीच्या इमारतींजवळ जर्मन मशीनगनच्या माऱ्यात बटालियन सापडली. संध्याकाळी मोजदाद झाली तेव्हा जॉन किपलिंगचा पत्ता नव्हता. त्याला अठरा वर्षे पूर्ण होऊन सहा आठवडेही झाले नव्हते.

२ ऑक्टोबरला बेटमन्समध्ये युद्ध खात्याची तार आली. जॉन जखमी आणि बेपत्ता, असा तिचा मजकूर होता. मृत्यूची तार आली असती तर दुःख झाले असते; पण पुढे काय करायचे हा प्रश्न उरला नसता. बेपत्ता या शब्दाने मात्र आशेला जागा ठेवली. मुलगा जर्मनांच्या कैदेत असेल, एखाद्या रुग्णालयात बेशुद्ध पडला असेल, स्मृती गमावून बसला असेल, अशा शंकांमधून त्या काळी युरोपातील लाखो घरे जात होती. जगप्रसिद्ध लेखकाचे घरही त्याला अपवाद ठरले नाही.

साक्षीदारांच्या शोधात

या शोधाची पद्धत पाहण्यासारखी आहे. ब्रिटिश रेडक्रॉसने बेपत्ता सैनिकांसाठी एक चौकशी विभाग उघडला होता. रुग्णालयांतील जखमींना भेटून, कोणी कोणाला शेवटचे कुठे पाहिले, याच्या नोंदी तिथे केल्या जात. पुढे इराकच्या इतिहासात गाजलेल्या गर्ट्रूड बेल यांनीही युद्धाच्या आरंभी याच कामात भाग घेतला होता. किपलिंग पतिपत्नींनी तोच मार्ग धरला, पण स्वतःच्या पायांनी. बटालियनचे जे सैनिक जखमी होऊन इंग्लंडला परतले, त्यांना गाठून ते प्रश्न विचारू लागले. जॉनला कोणी पाहिले, किती वाजता पाहिले, तो उभा होता की पडलेला, कोणत्या दिशेला होता, याची नोंद ते करीत. काही जण बेटमन्सला येऊन माहिती देऊन जात.

किपलिंग यांच्या ओळखी मोठ्या होत्या आणि त्या सर्व त्यांनी वापरल्या. अमेरिका तेव्हा तटस्थ होती, म्हणून लंडनमधील अमेरिकन राजदूतांमार्फत जर्मनीत विचारणा झाली. स्वीडनच्या युवराज्ञी मूळच्या ब्रिटिश राजघराण्यातील. त्यांच्याकडेही विनंती गेली. जॉनची माहिती विचारणारी जर्मन भाषेतील पत्रके विमानातून शत्रूच्या हद्दीत टाकली गेली, असेही सांगितले जाते. कैद्यांच्या याद्यांत त्याचे नाव कुठेही आढळले नाही.

साक्षींचे तुकडे मात्र जमत गेले. कोणी त्याला पायाला गोळी लागल्याचे पाहिले होते, कोणी एका इमारतीकडे सरकताना. गोंधळाच्या त्या तासाभरातील आठवणी एकमेकींशी जुळत नव्हत्या. किपलिंग यांचे जिवलग मित्र आणि ‘किंग सॉलोमन्स माइन्स’चे लेखक रायडर हॅगार्ड यांनीही या कामाला वाहून घेतले होते. डिसेंबर १९१५मध्ये त्यांना आयरिश गार्ड्सच्या एका सैनिकाकडून जी हकिगत कळली ती भयंकर होती. तोफगोळ्याच्या तुकड्याने जबडा छिन्न झालेला एक तरुण अधिकारी वेदनेने रडत, तोंडाला पट्टी बांधण्याचा प्रयत्न करीत मागे येताना त्या सैनिकाने पाहिला होता आणि तो जॉनच होता, अशी त्याची खात्री होती. हॅगार्ड यांनी ही हकिगत स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवली. मित्राला मात्र ती कळवायची नाही असे ठरवले. ज्या माहितीसाठी किपलिंग जिवाचे रान करीत होते, ती त्यांच्या सर्वांत जवळच्या मित्राने दयाबुद्धीने दडवली. ती खरी होती की नाही, हेही निश्चितपणे सांगता येत नाही.

महिने गेले, वर्षे गेली. जॉन जिवंत असण्याची आशा हळूहळू मावळली. किपलिंग यांनी चारचौघांत दुःखाचे प्रदर्शन कधी केले नाही. १९१५पासूनच त्यांच्या पोटात असह्य वेदना उठू लागल्या. डॉक्टरांची निदाने वर्षानुवर्षे चुकत राहिली आणि आतड्यातील व्रण हे खरे कारण १९३३मध्ये कळले. १९१६मध्ये प्रसिद्ध झालेली ‘माय बॉय जॅक’ ही त्यांची कविता अनेकदा जॉनशी जोडली जाते. कवितेत मात्र समुद्रात बुडालेल्या खलाशी मुलाची चौकशी आहे. तिचा संबंध त्या वर्षीच्या जटलंडच्या सागरी युद्धाशी आहे. त्यातील पालकाची व्याकुळता कुठून आली, हे मात्र वेगळे सांगायला नको. १९१९मध्ये त्यांनी युद्धातील मृतांसाठी काही छोटे समाधिलेख लिहिले. त्यांपैकी एका दोन ओळींच्या लेखात मेलेले सैनिक आपल्या मरणाचा दोष वडिलांच्या असत्य बोलण्याकडे देतात. हा एका बापाचा कबुलीजबाब आहे, असे अनेकांना वाटते. देशाला वेळीच सज्ज न करणाऱ्या राजकारण्यांवरचा तो राग आहे, असे इतर अभ्यासकांचे मत आहे. किपलिंग यांनी स्वतः त्याचा खुलासा केला नाही.

सर्वांना सारखाच दगड

१९१७च्या मे महिन्यात सर फेबियन वेअर यांच्या प्रयत्नांतून साम्राज्य युद्ध समाधी आयोगाची स्थापना झाली. त्याच वर्षी किपलिंग यांनी आयोगाचे सदस्यत्व स्वीकारले आणि ते मृत्यूपर्यंत निभावले. स्मारकांवर कोणती अक्षरे कोरायची, ही मुख्यतः त्यांची जबाबदारी होती. प्रत्येक मोठ्या दफनभूमीतील स्मरणशिळेवरचे वचन त्यांनी बायबलच्या परंपरेतील एका ग्रंथातून निवडले. ओळख न पटलेल्या सैनिकाच्या दगडावर, तो कोण हे ईश्वराला ठाऊक आहे, अशा अर्थाचे जे तीन इंग्रजी शब्द आढळतात, तेही किपलिंग यांचेच. पश्चिम युरोपात आणि अन्यत्र असे दगड लक्षावधी आहेत. आपल्या मुलाचा दगडही त्यांपैकीच एक असू शकेल, याची जाणीव ते शब्द सुचवताना त्यांना नसेल, असे म्हणता येणार नाही.

आयोगाचे धोरण दोन तत्त्वांवर उभे होते. कोणाचाही मृतदेह मायदेशी आणायचा नाही आणि दर्जा, संपत्ती वा धर्म न पाहता सर्वांना एकाच मापाचा दगड द्यायचा. दोन फूट आठ इंच उंचीचा हा दगड सरदारपुत्रालाही तोच आणि खाणकामगारालाही तोच. कुटुंबाला आपल्या पसंतीची छोटी ओळ कोरून घेता येई, पण तिलाही ६६ अक्षरांची मर्यादा होती. या धोरणाला ब्रिटनमध्ये कडवा विरोध झाला. तीन मुलगे गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांच्या पुढाकाराने हजारो सह्यांचा अर्ज देण्यात आला. आपल्या मुलाच्या कबरीवर सरकारचा हक्क कसा, हा त्या मातांचा सवाल होता आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता.

४ मे १९२० रोजी ब्रिटिश संसदेत यावर चर्चा झाली, तेव्हा आयोगाची बाजू मांडताना किपलिंग यांचे पत्र वाचून दाखवण्यात आले. ज्यांच्या मुलाला कबर मिळाली ते भाग्यवान. आपल्याला तर जाऊन बसण्यासाठी जागाच नाही, अशा आशयाचे ते पत्र होते. साम्राज्याच्या गौरवगीतांचा कवी म्हणून नव्हे, तर एक मूल गमावलेला बाप म्हणून ते बोलत होते. आयोगाचे धोरण टिकले.

या कामासाठी किपलिंग वर्षानुवर्षे फ्रान्स-बेल्जियममधील दफनभूमींना भेटी देत राहिले. १९२२मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी या स्थळांची यात्रा केली, त्या वेळचे तेरलिंक्तुन येथील राजाचे भाषण किपलिंग यांनीच लिहून दिले होते. लूसच्या परिसरातही ते पुन्हा पुन्हा गेले. रूआँ येथील दफनभूमी पाहिल्यानंतर १९२५मध्ये त्यांनी ‘द गार्डनर’ ही कथा लिहिली. जगासमोर जो पुतण्या म्हणून वाढवला, त्याच्या कबरीच्या शोधात निघालेल्या स्त्रीची ही गोष्ट त्यांच्या सर्वोत्तम कथांत गणली जाते.

पलटणीचा इतिहास

जॉनच्या पलटणीने किपलिंग यांना युद्धातील आपला इतिहास लिहिण्याची विनंती केली आणि त्यांनी ती तत्काळ मान्य केली. पाच वर्षांहून अधिक काळ ते या कामात बुडालेले होते. अधिकाऱ्यांच्या रोजनिशी, पत्रे, नकाशे यांचे ढीग बेटमन्सच्या अभ्यासिकेत जमले. निवृत्त सैनिकांच्या मुलाखती झाल्या. ‘द आयरिश गार्ड्स इन द ग्रेट वॉर’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९२३मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा खंड जॉनच्या बटालियनचा. तीत लूसच्या त्या दुपारचे वर्णन येते आणि जखमी व बेपत्ता अधिकाऱ्यांत जॉनचा उल्लेख जेमतेम काही शब्दांत उरकला जातो. इतर बापांच्या मुलांना जेवढी जागा, तेवढीच आपल्या मुलाला, हा समाधी आयोगातील नियम त्यांनी ग्रंथातही पाळला.

याच काळातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. मोरीस आमोनो या फ्रेंच सैनिकाच्या खिशात ‘किम’चा फ्रेंच अनुवाद होता. त्याला लागलेली गोळी पुस्तकाच्या शेवटच्या काही पानांपाशी अडली आणि तो वाचला. जॉन गमावल्याचे कळल्यावर त्याने ते भोक पडलेले पुस्तक आणि स्वतःला मिळालेले शौर्यपदक किपलिंग यांना पाठवून दिले. पुढे आमोनो यांना मुलगा झाला, तेव्हा त्यांनी त्याचे नाव जॉनच्या स्मरणार्थ जाँ ठेवले. किपलिंग यांनी पुस्तक आणि पदक त्या मुलासाठी परत केले.

नावे आणि आकडे

७ ऑक्टोबर १९२७ रोजी फ्रान्समधील नव्ह शापेल येथे हिंदुस्थानी सैनिकांच्या स्मारकाचे अनावरण झाले. या समारंभाला किपलिंग उपस्थित होते. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७००हून अधिक हिंदुस्थानी सैनिक व कामगारांची नावे या वर्तुळाकार स्मारकावर आहेत. हिंदुस्थानी सैनिकांच्या मनाचा वेध किपलिंग यांनी ‘द आइज ऑफ एशिया’ या छोट्या पुस्तकात घेतला होता. त्यासाठी जखमी सैनिकांनी गावी लिहिलेली आणि सेन्सॉरच्या हातून गेलेली पत्रे त्यांना पाहायला मिळाली होती.

परंतु सर्वांना सारखाच दगड हे तत्त्व युरोपबाहेर पाळले गेले नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. एप्रिल १९१६मध्ये तिथे शरणागती पत्करावी लागली आणि त्यानंतर कैदेत अनेकांनी प्राण सोडले. या मोहिमेतील सैनिकांच्या हालांना जबाबदार असलेल्या बड्या अधिकाऱ्यांवर किपलिंग यांनी १९१७मध्ये ‘मेसोपोटेमिया’ या कवितेतून आसूड ओढला होता. त्या भूमीवर कबर न मिळालेल्या ४० हजारांहून अधिक मृतांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर साध्या हिंदुस्थानी शिपायांची नावे मात्र कोरली गेली नाहीत; पलटणीगणिक केवळ त्यांची संख्या नोंदवली गेली. एप्रिल २०२१मध्ये समाधी आयोगाच्या विशेष समितीनेच अहवालात ही विषमता मान्य केली. आफ्रिका व मध्यपूर्वेतील किमान १ लाख १६ हजार मृतांची, त्यांत प्रामुख्याने आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसांची, नावानिशी किंवा अजिबातच नोंद झाली नसल्याचे त्यात म्हटले होते. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली.

महाराष्ट्रातील अनेक गावांत त्या काळी बसवलेले संगमरवरी फलक आढळतात. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच त्यांवरील मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव त्या युद्धात ४६ जवान गमावल्यामुळेच अपशिंगे मिलिटरी या नावाने ओळखले जाते. या घरांतील आईबापांकडे राजदूतांच्या ओळखी नव्हत्या आणि विमानातून पत्रके टाकण्याची सोयही नव्हती. किपलिंग यांना मुलाची कबर मिळाली नाही, तरी त्याचे नाव दगडावर होते. लूस येथील डड कॉर्नर दफनभूमीच्या भिंतींवर कबर नसलेल्या २० हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत ते कोरले गेले. १९३०मध्ये या स्मारकाचे अनावरण झाले.

मृत्यूनंतर लागलेला शोध

१८ जानेवारी १९३६ रोजी लंडनमध्ये किपलिंग यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेच्या कविकोपऱ्यात त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात जॉनच्या मृत्यूविषयी त्यांनी जवळजवळ काहीच लिहिले नाही. पत्नी कॅरी १९३९मध्ये गेल्या. मुलगी एल्सी यांना अपत्य नव्हते. १९७६मध्ये त्यांच्या निधनानंतर हा वंश संपला.

शोध मात्र संपला नव्हता. सप्टेंबर १९१९मध्ये लूसच्या रणभूमीवर आयरिश गार्ड्सच्या एका लेफ्टनंटचा मृतदेह सापडला होता. ओळखपदक नसल्याने ऍन या गावाजवळच्या सेंट मेरी दफनभूमीत अनोळखी म्हणून त्याचे दफन झाले. त्याच्या दगडावर अर्थातच किपलिंग यांनी निवडलेले शब्द आले. १९९२मध्ये समाधी आयोगाने जुने दप्तर तपासून, हा अधिकारी जॉन किपलिंगच असल्याचे जाहीर केले आणि दगडावर त्याचे नाव कोरले.

त्यावर आक्षेप आला. टोनी आणि व्हॅल्माय होल्ट या अभ्यासक दांपत्याने १९९८मध्ये ‘माय बॉय जॅक?’ या पुस्तकात दोन मुद्दे मांडले. जॉन सेकंड लेफ्टनंट होता; त्याची बढती मागील तारखेपासून लागू झाली तरी ती जाहीर झाली त्याच्या मृत्यूनंतर. शिवाय मृतदेह सापडल्याची नकाशावरील नोंद जॉन पडला त्या जागेपासून काही मैल दूरची होती. हा वाद बरीच वर्षे चालला. २०१६मध्ये आणखी दोन अभ्यासकांनी १९१९च्या नोंदींची छाननी केली तेव्हा नकाशाच्या चौकटीचे अक्षर लिहिताना कारकुनी चूक झाली असावी, असे त्यांना आढळले. अक्षर दुरुस्त केले की मृतदेहाची जागा जॉनच्या बटालियनने हल्ला केला त्या परिसरात येते. समाधी आयोगानेही आपला निर्णय कायम ठेवला.

हे निदान बरोबर असेल, तर किपलिंग जिवंत असतानाच, त्यांच्याच आयोगाच्या देखरेखीखालील एका दफनभूमीत, त्यांच्याच शब्दांखाली त्यांचा मुलगा सोळा वर्षे विसावलेला होता. लूसच्या परिसरातील दफनभूमींतून हिंडणाऱ्या बापाला ते कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. कारण होते एक हरवलेली चकती आणि दप्तरात चुकलेले एक अक्षर. आज सेंट मेरी दफनभूमीत जॉनच्या नावाचा दगड आहे. दोन फूट आठ इंच उंचीचा, शेजारच्या अनोळखी सैनिकांच्या दगडांसारखाच.